जुन्या जीपला नवे काळीज



खंडाळ्याकडच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे, पण मुद्द्याचे आहे. त्यांच्या सासऱ्यांची पेट्रोलची जीप गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये कितीतरी वर्षे उभी आहे. सध्या तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. धाकट्या मुलाने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आणि तो शिरवळला कामाला जातो. त्याने मोबाईलवर अमेरिकेतली पोरे जुन्या मोटारीतले इंजिन काढून तिथे दोन-दोन टर्बोचे दांडगे इंजिन बसवताना पाहिले. तेव्हापासून तो म्हणतो, "आजोबांच्या जीपला मी टर्बो इंजिन घालणार." लोणंदच्या बाजारात यंदा कांद्याचे बरे पैसे झाले. त्यातले निम्मे तो मागतो. मालकांचा ओढा मुलाकडे आहे. ताई विचारतात, "पैसे द्यावेत की देऊ नयेत? नाही म्हटले तर पोरगा खट्टू होईल, हो म्हटले तर रात्री झोप लागणार नाही."

ताई, तुमच्यासारखा पेच पुष्कळ घरांत आहे. कुठे जीप, कुठे जुना टेम्पो, कुठे ट्रॅक्टर. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो.

आधी मुलाने काय पाहिले ते समजून घेऊ. अमेरिकेत १९६४ च्या सुमाराला पाँटियाक जीटीओ, फोर्ड मस्टँग अशा मोटारी निघाल्या. बांधा बेताचा, किंमत तरुणांना परवडेल अशी आणि पुढे मात्र मोठे इंजिन, बहुधा आठ सिलिंडरचे. तिकडे त्यांना पिळदार दंडाच्या मोटारी म्हणतात. आपल्याकडे बेंदराला एखादा खोंड दोघांनी धरला तरी आवरत नाही, तशी गत. आज साठ वर्षांनी तिथले हौशी लोक त्या मोटारींचे जुने इंजिन उतरवून नवे इंजिन घालतात आणि त्याला दोन टर्बो लावतात.

टर्बो म्हणजे काय, हे ज्याने लोहाराचा भाता पाहिला आहे त्याला सांगायला फार शब्द लागत नाहीत. भाता हलवला की कोळसा तोच, पण आच वाढते. इंजिनातही तेच. जास्त डिझेल जाळायचे तर जास्त हवा आत गेली पाहिजे. साधे इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा ओढील तेवढीच. टर्बोमध्ये एका दांड्यावर दोन चक्रे असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर पहिले चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. एरवी वाया जाणारा धूरच भाता हलवतो. ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चे.

दोन टर्बो कशासाठी? आठ सिलिंडरचे इंजिन बहुधा चार-चारच्या दोन ओळींत, फासासारखे तिरपे मांडलेले असते. प्रत्येक ओळीचा धूर वेगळ्या बाजूने निघतो, म्हणून प्रत्येक बाजूला एक टर्बो. काही इंजिनांत एक लहान आणि एक मोठा असेही असतात. लहान चक्र कमी धुरावर लगेच फिरते, मोठे मागाहून जोर धरते. आपल्या चार सिलिंडरच्या, एका ओळीतल्या इंजिनाला दोन टर्बो लावायची सहसा गरजच पडत नाही. तेव्हा ताई, निम्मी काळजी इथेच सोडा. मुलाला दोन टर्बो हवे असतील तर ते फक्त सांगायला हवे आहेत.

आता जीपकडे येऊ. इंजिन बदलणे ही आपल्याकडे काही अमेरिकेतून आलेली हौस नव्हे. १९७३ साली अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि पेट्रोलचे भाव भडकले. पेट्रोलची जीप दारात ठेवणे हत्ती पोसण्यासारखे झाले. मग पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत मिस्त्री लोकांनी जीपची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेलची चढवली. जीप बनवणाऱ्या महिंद्र कंपनीनेही त्याच दशकात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरून तयार केलेले डिझेल इंजिन जीपला दिले. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन आले. वडापच्या ज्या जीपा आपण वर्षानुवर्षे पाहिल्या, दाराला लोंबकळणाऱ्या माणसांसकट, त्या या डिझेलच्या जोरावरच चालल्या. ट्रॅक्टरच्या वंशाच्या त्या इंजिनाची थरथर ज्याने सोसली, त्याच्या कमरेला ती अजून आठवत असेल.

पण त्यात एक गोष्ट होती. ती इंजिने जोराने फार मोठी नव्हती. मागच्या गिअरबॉक्सला, अ‍ॅक्सलला, ब्रेकला झेपतील अशीच होती. टर्बो घालताना गाडी इथेच अडते.

ताईंच्या वर्णनावरून त्यांची जीप सीजे-३बी जातीची दिसते, उंच बॉनेटची. तिचे मूळ पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे, सुमारे ७५ एचपीचे. त्याचा पिळाचा जोर, ज्याला मिस्त्री टॉर्क म्हणतात, तो १५५ न्यूटन-मीटरच्या आसपास. मुलाच्या मनात स्कॉर्पिओचे एमहॉक इंजिन आहे. तेही २.२ लिटरचेच. पण टर्बो आणि नव्या पद्धतीची डिझेल फवारणी यांमुळे पहिल्या एमहॉकची ताकद १२० एचपी आणि टॉर्क २९० न्यूटन-मीटर. म्हणजे आकार तोच आणि पीळ जवळजवळ दुप्पट. दोन माणसांनी ओढायचा दोर चार माणसांच्या हाती दिला तर दोर तुटतो, किंवा खुंटा उपटतो. जीपचा क्लच घसरेल, गिअरचे दाते झडतील, नाहीतर मागच्या अ‍ॅक्सलचा दांडा पिळून तुटेल. आणि हे दारात होत नाही, चढाला भरल्या गाडीत होते.

अमेरिकेतली ती पोरे इंजिनाबरोबर काय काय बदलतात, हे मुलाला पुन्हा नीट पाहायला सांगा. गिअरबॉक्स बदलतात, मागचा अ‍ॅक्सल बदलतात, ड्रम काढून मोठे डिस्क ब्रेक घालतात, रेडिएटर मोठा करतात, चासीला आधार देतात. इंजिन बसते दोन दिवसांत, बाकीच्या कामाला वर्ष लागते. चित्रफितीत मात्र इंजिन सुरू झाल्याचा आवाज तेवढा लक्षात राहतो.

ब्रेकचा हिशेब तर घरातल्या प्रत्येकाने करून पाहावा. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. ३० च्या वेगाची गाडी ६० ने जाऊ लागली की ब्रेकला चारपट काम पडले. ते सगळे काम ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. जुन्या जीपचे ड्रम लहान. उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिले की ते तापतात, लायनरची पकड जाते आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. खंडाळ्याच्या माणसाला हे मी काय सांगणार! पुण्याकडून आलेली वाहने खंबाटकी चढून वेळ्याकडे उतरतात, साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून बाहेर पडून तुमच्या गावाकडे उतरतात. बोगद्यापुढचे ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळण साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथेच कर्नाटकातले बांधकाम मजूर आणि त्यांची बायकापोरे घेऊन येणारा टेम्पो उलटला आणि १८ जण गेले. तुमच्या मुलाची जीप त्याच रस्त्याने वाईहून परत येणार आहे.

माझाही एक अनुभव आहे, तो लपवत नाही. आमच्या घरच्या पेट्रोल जीपला ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर बसवला होता. पुढे तिला एका गॅरेजमध्ये डिझेल इंजिन घातले. बूस्टर चालतो तो इंजिनाच्या ओढीवर. पेट्रोल इंजिनात ती ओढ आपोआप मिळते, डिझेलमध्ये मिळत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप लागतो, तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. पंप बसवला होता, पण त्याची नळी नुसतीच खोचलेली, क्लिप लावायची राहिली. वेळ्याच्या बाजूला उतरताना नळी निसटली आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट झाला. दोन्ही पायांनी उभा राहिलो, गिअर खाली टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात गाडी घातली. शेजारी आई बसली होती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर त्या जीपमध्ये कधी बसली नाही. दहा-वीस रुपयांची क्लिप.

आणखी दोन-चार गोष्टी अशाच, दिसायला किरकोळ. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा जड असते, त्यामुळे पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. वर्षानुवर्षे कोरड्या टाकीत आत गंज धरतो. तो खरवडून, धुवून काढला नाही तर नव्या इंजिनाची फवारणीची सुई पहिल्याच महिन्यात चोंदते. डिझेलला टाकीकडे परत येणारी दुसरी नळी लागते. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती थंड करायला वेगळी जाळी लागते आणि जीपच्या तोंडाशी तिला जागा नसते. नव्या इंजिनाचा सगळा कारभार संगणकाच्या डबीवर चालतो. तिची वायरिंग अर्धवट जोडली तर इंजिन सुरूच होत नाही. जुन्या पद्धतीचा पंप असलेले इंजिन गावचा मिस्त्री पान्याने दुरुस्त करतो, या डबीला पाना चालत नाही.

मुलगा म्हणेल, "मग आहे त्याच पेट्रोल इंजिनाला टर्बो लावू." तर त्याला ही गोष्ट सांगा. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची मोटार विकायला काढली. टर्बोवाल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ही एक. पेट्रोल इंजिनात दाबलेली गरम हवा गेली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटते आणि आत हातोडे पडल्यासारखे होते. त्याला नॉकिंग म्हणतात. चालू राहिले तर पिस्टन फुटतो. ते टाळायला जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक टाकी होती, ते थोडे थोडे इंजिनात जाई. बेत उत्तम, पण मालक लोक ती टाकी भरायचे विसरू लागले. तक्रारींचा ढीग पडला. शेवटी कंपनीने गाड्या बोलावून टर्बो काढले आणि साधे कार्बुरेटर लावून दिले. पदरी इंजिनिअरांची फौज असलेल्या कंपनीची ही गत. फवारणीच्या पंपात तेल घालायला आपण आठवण ठेवतो का, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

आता कागदाची बाजू. ही कंटाळवाणी आहे, पण घर बुडते ते इथे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. दंड एकवेळ भरता येईल. पण उद्या जीपखाली कुणी सापडले, आणि आरसीवर पेट्रोल अन् बॉनेटखाली टर्बो डिझेल निघाले, तर विमा कंपनी नेमके तिथे बोट ठेवणार. मग भरपाईसाठी जमिनीकडे पाहावे लागते.

त्याच जातीचे, त्याच इंधनाचे इंजिन बदलणे निराळे. त्याचा नंबर आरटीओत कळवून आरसीवर चढवून घ्यावा. इंधन बदलायचे असेल तर एकही नट सैल करण्यापूर्वी साताऱ्याच्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. "आमची ओळख आहे, होऊन जाईल" म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजा, पैसे देऊ नका. भंगारातून इंजिन घेताना पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद मागा. खरवडलेल्या नंबराचे इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

सगळ्यात आधी ताईंनी सासऱ्यांच्या ट्रंकेतून आरसी पुस्तक काढावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवायची. इतकी वर्षे उभ्या गाडीची मुदत बहुधा संपलेली असणार. उशिराचा आकार भरून, गाडी तपासणीला नेऊन ती जिवंत करून घ्यावी लागेल. ते होत नसेल तर पुढचे सगळे बोलणे व्यर्थ.

आता मुलाविषयी. त्याच्या हौसेला हसू नका. आपल्या भागाला लोखंडाचे वेड नवे नाही. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती अशाच वेडातून. अगदी अलीकडचे, २०२१ चे उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातले देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हट्टासाठी भंगारातले सुटे भाग जमवून दुचाकीच्या इंजिनावर छोटी चारचाकी तयार केली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी! तिची चित्रफीत आनंद महिंद्र यांच्यापर्यंत गेली. त्यांनी जाहीरपणे दोन गोष्टी लिहिल्या. एक, या माणसाची कल्पकता थोर आहे. दुसरी, गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील. मग त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती कुटुंबाच्या हाती आली. कौतुकाची बातमी सर्वांनी वाचली, नियमांचे वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचले असावे. आणि प्रत्येक लोहाराच्या दारात बोलेरो येत नसते.

म्हणून माझे मत असे. कांद्याचे निम्मे पैसे देऊ नका. पण मुलाच्या हाती जीप द्या. कागद जिवंत झाले की पहिला खर्च ब्रेकवर करा: चारही ड्रम, लायनर, सिलिंडर, पाइप नवे, हँडब्रेकसुद्धा. मग स्टिअरिंग आणि पाटे. मग टाकी आणि रेडिएटर. मूळ पेट्रोल इंजिन मुलाने स्वतः खोलावे. हे इंजिन साधे असते, शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही, आणि चांगल्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली बोअर-पिस्टन होऊन ते पुन्हा उभे राहू शकते. प्रत्येक टप्प्याचा खर्च वहीत लिहावा आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचे पैसे मागू नयेत. वही आईकडे असावी.

टर्बोची भूकही मारू नका. आज नवीन डिझेल ट्रक, टेम्पो, जीप यांना टर्बो असतोच, आणि तो ओळखणारा, दुरुस्त करणारा कारागीर महामार्गालगतच्या गावाला हवाच असतो. त्याचे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे फिरते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते. तेल काळे झाले, किंवा हवेच्या फिल्टरमधून उसाच्या रस्त्यावरची धूळ आत गेली, तर ते चक्र फार दिवस काढत नाही. ज्यांच्याकडे टर्बोची गाडी आहे त्यांनी इतके तरी करावे: घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये, मिनिट-दोन मिनिटे ते मंद चालू ठेवावे. चक्र तापलेले असते. इंजिन बंद झाले की तेल थांबते आणि जागच्या जागी जळून चिकटते. खंबाटकीत खामजाईला हात जोडायला थांबता, तेवढा वेळ पुरतो.

पत्राच्या तळाशी ताईंनी एक ओळ लिहिली आहे. सासऱ्यांनी जीपला हौसेने हिरवा रंग दिला होता, मुलाला काळा हवा आहे, तर तो तरी देऊ का? द्या, पण रंगही आरसीवर लिहिलेला असतो. काळा द्यायचा तर आधी आरटीओत अर्ज करा. हिरव्यावर पुन्हा हिरवा द्यायचा असेल तर कुणाला विचारायचे कारण नाही. कोंबड्यांची सोय तेवढी आधी दुसरीकडे करा.